फरक शून्य!

वेळेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! ऑफिसच्या नेटवर्कमधली सगळी घड्याळं जुळवून ठेवणं हीच माझी नोकरी. मुख्य लाइन गच्चीवरच्या अँटेनाकडून वेळ घेते. ती बंद पडलीच तर म्हणून एक राखीव लाइन असते. ती वर्षभर काहीच करत नाही, आणि ते नीट करते आहे ना, हे मी दिवसभर बघत बसतो. बारा वर्षं झाली.

राखीव लाइनची वेळ वेगळ्या ठिकाणाहून यायची, त्यामुळे दोघींत केसाएवढा फरक दिसायचा. साहेबांना तोही खपेना. शेवटी वैतागून मी तिला मुख्य लाइनकडूनच वेळ घ्यायला लावली. फरक शून्य! साहेब खूश, मी सुटलो.

गुरुवारी चारला लेकीचं वीस मिनिटांचं नाटक होतं. शाळा ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, तरी आधीची दोन नाटकं मी बुडवलेली. या वेळी ती राणीची दासी होती, दोन वाक्यं होती, आणि मी तिच्या गळ्याची शपथ घेऊन बसलो होतो.

बुधवारी रंगाऱ्याने गच्चीवर अँटेनाची वायर काढून ठेवली. मग मुख्य लाइन राखीव लाइनला वेळ विचारू लागली आणि राखीव लाइन मुख्य लाइनला. दोघी एकमेकींना माना डोलावत मागे पडत गेल्या. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र फरक शून्य! हे सगळं मला नंतर कळलं.

गुरुवारी दुपारी वॉचमनकाका म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. मी त्यांना पडदा दाखवला आणि त्यांचंच घड्याळ पाऊण तास मागे करायला लावलं. माझंही केलं. रिसेप्शनच्या बाईंनी मोबाइल पुढे धरला, तर मोबाइलच्या वेळेवर विसंबू नका म्हणून त्यांना सुनावलं.

पावणेचारला रुबाबात निघालो. शाळेच्या हॉलमध्ये शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. लेक पायरीवर बसली होती, शेजारी माझा मेहुणा, तिचं तबक मांडीवर घेऊन.

“तुला कोणी बोलावलं?” मी मेहुण्याला विचारलं.

“मी,” लेक म्हणाली. “तू नाही आलास तर म्हणून. येतोस ना, असं मामाला रोज फोन करून विचारत होते. तुला विचारून काय कळणार?”

मला फार वाईट वाटलं. इतकी चोख राखीव व्यवस्था मी बारा वर्षांत एकदाही लावली नव्हती.

“बाबा, किती वाजले?” तिने विचारलं.

मी मनगटाकडे पाहिलं.

“मामाला विचार,” म्हटलं.