साळवे वकिलांच्या ओट्यावरच्या चपला

साळवे वकिलांच्या ओट्यावर कायम तीसेक चपलांचे जोड असत, आणि आत माणूस म्हणाल तर एकटे साळवे वकील.

भिंगारला आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरवता उतरवता बायको म्हणाली, "अहो, शेजारी कुणीतरी गेलेलं दिसतंय. आधी भेटून या." दाराबाहेर एवढ्या चपला म्हणजे दुसरं काय असणार? मी चेहरा लांब करून आत गेलो. काळा कोट घातलेला एक म्हातारा खुर्चीत बसून चहात पाव बुडवून खात होता.

"केव्हा झालं?" मी हळूच विचारलं.

"काय?"

"नाही, बाहेर एवढी मंडळी..."

"ती मंडळी नाहीत," म्हातारा पाव चावत म्हणाला. "ते पुरावे आहेत."

मी जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होतो. नाना तऱ्हेचे प्रवासी पाहिले, पण असा शेजारी नाही. पुढे हळूहळू उलगडा झाला. वकिली सोडल्यावर साळव्यांनी एकच काम धरलं होतं. अपंगांचे सरकारी दाखले आणि पेन्शनचे अर्ज, तेही फेटाळलेले. इस्पितळातलं डॉक्टरांचं बोर्ड तपासून टक्के ठरवतं. चाळीस भरले तर दाखला, दाखला असेल तर पेन्शन. एकोणचाळीसवर अडलात तर सरकारच्या लेखी तुम्ही धडधाकट. असे काठावर बुडालेले लोक जिल्हाभरातून साळव्यांकडे यायचे.

आलेला माणूस गाऱ्हाणं सांगू लागला की साळवे हात वर करायचे. "बोलू नका. चाला." त्याला खोलीतून दोन फेऱ्या मारायला लावायचे. मग त्याच्या पायातल्या जुन्या चपला काढून घ्यायच्या, त्यांना नावगावाची चिठ्ठी बांधायची आणि बदल्यात नवा जोड द्यायचा. "माणूस लाजतो," ते म्हणत. "चप्पल लाजत नाही." अर्जातही चपलेची साक्ष काढायचे. 'अर्जदाराच्या डाव्या चपलेची बाहेरची कड पूर्ण झिजली असून उजवी जवळपास नवी आहे, सबब...' अशी त्यांची भाषा. एका डॉक्टरांनी वैतागून सांगितलं म्हणे, की इथे चामड्याची तपासणी होत नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच, आणि ती पातळ.

रोज दिवेलागणीला पलीकडे कुणीतरी चालायचं. एक दिवस ठप् आणि फरपट, ठप् आणि फरपट. दुसऱ्या दिवशी दोन छोटी पावलं आणि एक उडी. तिसऱ्या दिवशी टाच अजिबात टेकायची नाही. चाल रोज नवी, आणि घरात माणूस तर एकच. बायकोने दाराला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, साळवे ख्रिस्ती, त्यांच्या घरातलं भूत लिंबाला काय भिणार? पण झोपताना मी अंथरूण भिंतीपासून हातभर लांब सरकवलं, हे कबूल करतो.

शेवटी एका संध्याकाळी धीर करून खिडकीतून डोकावलो. साळवे वकील डोळे मिटून खोलीत फेऱ्या मारत होते. पायात दुसऱ्याच्या चपला, कंबर एका बाजूला कललेली, चेहऱ्यावर वेदना. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "या कंडक्टर. हा पुणतांब्याचा माणूस. पायऱ्या उतरताना ह्याला खरं दुखतं, चढताना नाही. बोर्डाने चढवून पाहिलं असणार." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, भूत नाही, अर्जाची तयारी आहे. दोघंही हसलो. मला मात्र गाडीत अपंगांचा पास घेऊन बसणारी माणसं आठवली, ज्यांच्या पायाकडे बघून मी चारचौघांत म्हटलं होतं, 'तुम्ही तर बरे दिसता की.' त्याची लाज वाटली.

तरी एक चाल उरलीच. ती फक्त रविवारी भर दुपारी यायची. ठक्, ठक्, ठक्. हलकी, आणि अगदी सरळ. लंगडण्याचं नाव नाही. पण इतकं मोजून कुणी घरात चालत नाही. भिंगारकरांना लष्कराची परेड नवी नाही, तसं काहीसं वाटायचं, जणू कुणी प्रत्येक पाऊल जपून, दात-ओठ खाऊन टाकतंय.

ओट्यावर, रांगेच्या टोकाला, एक बायकी सँडलचा जोड होता. तपकिरी, बक्कल असलेला, इतका लहान की साळव्यांची चार बोटंही आत गेली नसती. त्याला चिठ्ठी नव्हती. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या केसचा निकाल लागायचाय." आम्ही आलो तेव्हा त्या सँडलच्या तळव्यावरची नक्षी मी पाहिली होती. यंदा नाताळात साळव्यांनी ओटा धुवायला काढला, तेव्हा मी हात लावला. तळवा गुळगुळीत झाला होता. मी तो जोड होता तसा ठेवला आणि बायकोला काही बोललो नाही.

त्यानंतर जामखेडकडची मंगल आली. ऊसतोडीला जाताना ट्रॉली उलटली, खुब्याचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. घरी म्हातारी आई. "तोडीला जाता येत न्हाई, अन् शिलाई मशीन हाणावं तर खुबा धरतो," ती म्हणाली. पेन्शन मिळाली तर दोघींची चूल पेटती राहणार होती. बोर्डाने अडतीस टक्के दिले होते.

"चाला," साळवे म्हणाले.

ती चालली, आणि माझ्या हातावर काटा आला. ठक्, ठक्, ठक्. तीच भिंतीपलीकडची चाल.

साळव्यांचा चेहरा पांढरा पडला. "बोर्डापुढे अशाच चाललात?"

"व्हय. आठ दिस घरात सराव केला," मंगल अभिमानाने म्हणाली. "मोठ्या डॉक्टरापुढं जायचं, चार लोक बघणार, तितं वंगाळ चालायचं का? लई दुखलं, पर पाय वाकडा पडू दिला न्हाई."

साळव्यांनी तिच्या पायातल्या ठेवणीतल्या चपलांकडे पाहिलं. मग त्यांनी तिच्या पिशवीतल्या रोजच्या जुन्या स्लिपर मागून घेतल्या, टाचा बाहेर लोंबत असताना पायात अडकवल्या आणि डोळे मिटून चालले. एक पाऊल, मग अख्खं अंग झोकून दुसरं. मंगलने पदर तोंडाशी नेला. "अगं माय. मी अशी चालती?"

"बघणारं कुणी नसतं तेव्हा," साळवे म्हणाले.

फेरतपासणीच्या दिवशी त्यांनी तिला रिक्षा करू दिली नाही. स्टँडपासून इस्पितळापर्यंत आम्ही तिघं पायी गेलो. "थकलेल्या पायाला सभ्यता सुचत नाही," हा त्यांचा सिद्धांत. पण आत नाव पुकारल्यावर मंगलने पदर खोचला, पाठ ताठ केली, आणि अर्धवट उघड्या दारातून मला दिसलं की तिची पहिली दोन पावलं पुन्हा परेडची पडली. गेलं, असं मी मनात म्हटलं. खोलीच्या टोकाहून वळून परतताना तिने सहज दाराबाहेर पाहिलं. बाहेर गर्दीने भरलेल्या व्हरांड्यात साळवे वकील काळ्या कोटात, तिच्या फाटक्या स्लिपर घालून, अंग झोकत फेऱ्या मारत होते. रांगेतले लोक हसत होते. साळवे कुणाकडेही बघत नव्हते. मंगलचा खोचलेला पदर सुटला, खांदा उतरला, आणि ती तिच्या घरात चालते तशी चालली.

दाखला आला तो चाळिसाच्या बराच वर. एका रविवारी दुपारी ती शाळूचं पीठ घेऊन सांगायला आली. जाताना म्हणाली, "वकीलसायेब, माज्या स्लिपरा राहू द्या हितंच." मग गल्लीतून भर उन्हात, चार लोकांच्या देखत, अंग झोकत निघून गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसून ती वळेपर्यंत बघत राहिलो.

"एस्तेरला पोलिओ होता," साळवे एकाएकी म्हणाले. एस्तेर म्हणजे त्यांची बायको, तिला जाऊन सात वर्षं झाली होती, एवढंच मला ठाऊक होतं. "शाळेत अपंगांच्या जागेवर नोकरी लागत होती. दाखला हवा होता. बोर्डाच्या दारात मी तिच्या कानात म्हटलं, 'सरळ चाल, लोक बघताहेत.' रविवारी चर्चमध्ये जातानाही हेच म्हणायचो. तरुण वकिलाची बायको ना. ती सरळ चालली. दाखला मिळाला नाही, नोकरी हातची गेली. पुढे कधीतरी मी म्हणायचं थांबवलं, तरी ती चालतच राहिली सरळ. घरातसुद्धा. माझ्यासमोर."

 तेवढ्यात आतून आवाज आला.

ठक्, ठक्, ठक्.

साळवे माझ्या शेजारी बसलेले होते. आत कुणी नव्हतं. मी रांगेच्या टोकाकडे पाहिलं. सँडलची जागा रिकामी होती.

माझे पाय पळायला तयार होते. पण साळव्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दाराकडे तोंड करून, चहा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "एस्तेर, पुरे आता. वाकडी चाल गं."

आवाज थांबला.  मग एक पाऊल पडलं, आणि त्यामागून एक लांब फरपट. पुन्हा पाऊल, पुन्हा फरपट. सावकाश, घरातल्या बाईने घरात चालावं तशी.