उभं राहायचं गाणं

मंडळी, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? बायकोवर, मेहुण्यावर, की स्वतःच्या कानांवर? मी जन्मभर खिळे आणि कड्याकोयंडे विकत आलो. गिऱ्हाईक ओळखावं ते डोळ्यांवरून, असं मी समजत होतो. चूक. माणूस ओळखावा पायांवरून. कसा, ते सांगतो.

आमच्या यॉर्कशरच्या गावात चॅपलची, म्हणजे छोट्या चर्चची, गायनमंडळी आहे. दर नाताळात ती एकच मोठं गाणं गाते, चांगलं तीन तासांचं. त्याचं नाव कुणी घेत नाही. 'ते' म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्यातला मोठा कोरस सुरू झाला की ऐकणाऱ्यांनी उभं राहायचं आणि संपेपर्यंत हलायचं नाही. फार पूर्वी कुणी राजा उभा राहिला होता म्हणे. (मला विचाराल तर त्याच्या पायाला मुंग्या आल्या असतील.) पण आमच्याकडे हे पाळण्यातच अंगात भिनतं. रेडिओवर लागलं तरी आम्ही उभे. न्हाव्याच्या खुर्चीत असलो तरी उभे. माझ्या उजव्या कानामागे त्याची खूण अजून आहे.

यंदा मंडळीकडून गाणं बसवून घेणारे आमचे म्हातारे गुरुजी, मिस्टर ओल्डरॉइड, निवृत्त व्हायचे होते. त्यांना 'ते'ची सर्वांत उत्तम रेकॉर्ड भेट द्यायची ठरली. कुठली उत्तम, यावर मात्र चॅपलचे दोन तुकडे झाले. एक रेकॉर्ड भल्यामोठ्या ताफ्याची, संथ, कोळशानं भरलेल्या मालगाडीसारखी. दुसरी नव्या पद्धतीची. त्यात मूठभर गाणारे, आणि बाहेर शेवटची बस उभी असल्यासारखे पळणारे. संथ रेकॉर्डच्या बाजूनं माझी बायको एनिड आणि तिच्या आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतल्या बायका. पळत्या रेकॉर्डच्या बाजूनं एनिडचा भाऊ क्लिफर्ड आणि त्याचे खर्जवाले पुरुष. मतं बरोबर निम्मी निम्मी.

मग कुणाला तरी आठवलं, की वॉल्टर, म्हणजे मी, गात नाही, तेव्हा निःपक्षपाती. शिवाय तराजू धरणारा माणूस. (तराजू धरणाऱ्याचा हात दुखतो, हे कुणाला आठवलं नाही.)

"तू कुणालाही मत दे, मी एक शब्द बोलणार नाही," एनिड म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ मला चांगलाच पाठ झाला आहे. मग ती बरेच शब्द बोलली. "त्या घाईत आल्टो ऐकूच येत नाहीत, वॉल्टर. वरच्या पट्टीतल्या बायका सूर मिरवतात, पुरुष गळा मिरवतात, आणि आम्ही खाली घर सांभाळतो. ते सांभाळलेलं ऐकू येतं अशी ती एकच रेकॉर्ड आहे. तीही गुरुजींच्या हाती पडू नये?"

क्लिफर्ड दुकानात आला. "दाजी, देवाशपथ सांगा, ती संथ रेकॉर्ड डुलकी न घेता ऐकली आहे कधी?"

मी दोघांनाही मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत आहे. पण शनिवारी दुपारी दोन्ही पक्ष आपापल्या रेकॉर्डी काखेत मारून माझ्या बैठकीच्या खोलीत हजर. आता मत द्या म्हणाले.

"आज शनिवार," मी म्हणालो. "माझी आठवड्याची आंघोळ आहे."

"करा की," क्लिफर्ड म्हणाला. "आम्ही बाहेर लावतो. कान काही भिजत नाहीत."

आमचा पत्र्याचा टब स्वयंपाकघरात, चुलीपुढे. मध्ये एक दार. त्या दाराची कडी दोन हिवाळे निखळलेली. (गावभर कड्या विकणाऱ्याच्या घरात. दिव्याखाली अंधार.)

आधी एनिडची रेकॉर्ड लागली. पाणी ऊन ऊन, चूल धगधगलेली, आणि दाराच्या फटीतून तो आल्टोंचा खालचा, मऊ आवाज. पुढचं मला माहीत नाही.

एकदम दुसरीच रेकॉर्ड, आणि धाडकन कोरस. पाय काही विचारून उठत नाहीत. मी उठलो. बाहेरही सगळे उठले. खर्जवाल्यांचे बूट एकदम जमिनीवर आपटले, खालच्या फळ्या हादरल्या आणि बिनकडीचं दार, नवरी यायची असल्यासारखं, सावकाश उघडलं.

समोर अख्खी मंडळी ताठ उभी. इकडे मी, ताठ, हात बाजूला. आणि कोरस संपेपर्यंत हलायचं नाही. कुणी हललं नाही. मिसेस ग्रीनवुड ही एनिडची मैत्रीण छताकडे बघत होती. अधूनमधून. क्लिफर्डची रेकॉर्ड पळती होती, एवढीच देवाची कृपा.

कोरस संपला. मी बसलो.

"मत पडलं," क्लिफर्ड म्हणाला.

एनिड दारात येऊन उभी राहिली. लाजेचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. तिला वेगळंच लागलं होतं.

"आमच्या वेळी उठला होतास?"

"एनिड, आधी टॉवेल दे."

"उठला होतास का?"

"पाण्याचा आवाज काही आला नाही," मिसेस ग्रीनवुड छताला म्हणाली. "घोरण्याचा आला."

आता खोटं बोलायला जागा नव्हती. माझ्यापाशी झाकायला तसंही काही उरलं नव्हतं. "झोप लागली," मी म्हणालो. "तुमचा तो खालचा आवाज कानावर पडला आणि घरी आल्यासारखं वाटलं. माणूस आपल्या घरी झोपतो, एनिड. परक्याच्या घरी ताठ उभा राहतो."

क्लिफर्डनं घसा खाकरला. "पण गुरुजींना द्यायची कुठली?"

"गुरुजींनी सारा जन्म उभ्यानं काढला. सगळ्यांकडे तोंड करून, हात हलवत. आता त्यांना घरी जाऊ द्या. संथ द्या."

क्लिफर्डनं बराच वेळ टोपी फिरवली. मग म्हणाला, "दाजी, हे उभं राहून म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं." आणि मान हलवली. एनिडनं दार लोटून घेतलं आणि बाहेर सगळ्यांना चहा आणि आल्याचा केक दिला. मला तुकडा ठेवला होता. मोठा होता.

क्लिफर्डची रेकॉर्ड मात्र तो आमच्याकडेच टाकून गेला. वाया गेली नाही. शनिवारी मी टबात फार वेळ काढतो असं एनिडला वाटलं, की ती तो कोरस लावते.

बाजारात या गोष्टीला आता बऱ्याच फांद्या फुटल्या आहेत. मी सोबत गात होतो म्हणतात. मिसेस ग्रीनवुडनं चष्मा पुसून घेतला म्हणतात. टॉवेल नव्हता, असंही म्हणतात. तुम्ही भली माणसं आहात. पुढं कुणाला सांगाल तेव्हा हिशोब तेवढा चोख ठेवा. टॉवेल होता.

खुर्चीवर.