दौलू खोत, विनंती थांबा

यंदाच्या फेरनोंदणीत दौलू खोत यांची नोंद माणूस म्हणून न होता जागा म्हणून झाली. वहीत तीनच रकाने होते: कोण, काय आणि कुठे. ग्रामसेवक शेडबाळे स्वभावाने भला, पण त्याचाही नाइलाज होता.

"आप्पा, चाळीस वर्षं तुम्ही फाट्यावरच्या कट्ट्यावर बसताय. पत्ता सांगताना सगळं गाव म्हणतं, दौलूच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. मी तरी कुठल्या रकान्यात घालू?"

आप्पांनी सुरुवातीला फारसं मनाला लावून घेतलं नाही. बायकोने, आक्काताईने, संसारात पहिल्यांदाच 'अहो' म्हणायचं सोडलं आणि ती त्यांच्या भोवतीने झाडू लागली. एसटी डेपोची माणसं येऊन गळ्यात पाटी अडकवून गेली: विनंती थांबा.

मग गडहिंग्लजहून लेकीचा फोन आला. रेश्माचे दिवस भरत आले होते. "आप्पा, तुम्ही जवळ पाहिजे मला," ती म्हणाली. आप्पा धोतर बदलून बसमध्ये चढले.

"गडहिंग्लज एक."

"कुठनं?" कंडक्टरने विचारलं आणि पाटी वाचून तिकिटाचं मशीन खाली ठेवलं. "आप्पा, थांबाच गाडीत बसलाय, म्हणजे गाडी थांब्यावरच आहे. डबल बेल कशी देऊ मी?"

उतारूंनी आपसात विचार केला. कंडक्टरचं कुणालाच खोडून काढता येईना. तासाभराने ड्रायव्हरने बिडी पेटवली, तेव्हा आप्पा आपणहून उतरले. त्यांना रडू आवरेना. ऐन थंडीत ही जागा ओली कशी, एवढंच लोक बोलले.

तिसऱ्या दिवशी तीच बस आली. कंबरेवर हात ठेवून रेश्मा उतरली. तिच्या मुठीत 'दौलू खोत'चं तिकीट होतं.

"तुम्हाला येता येईना, म्हटलं आपणच जावं," ती म्हणाली आणि कट्ट्याला धरून खालीच बसली. पुढे घरापर्यंत जाणं काही झालं नाही. आक्काताईने लुगड्याचा आडोसा धरला. मुलगी झाली.

शेडबाळे वही घेऊन धावत आला. पोरीला त्याने 'कोण'मध्ये घातलं. जन्माच्या ठिकाणापुढे कुणालाही न विचारता लिहिलं: दौलू खोत.

आप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"आप्पा, रकाना बदलायचा अर्ज आणलाय," शेडबाळे हळूच म्हणाला. "सही करताय? परत माणूस व्हाल."

"राहू दे आता," आप्पा म्हणाले. नात मांडीवर झोपली होती, म्हणून ते हललेसुद्धा नाहीत.