त्रिंबकमास्तरांचा ओळंबा

चित्रप्रदर्शनाला कुणी छत्री घेऊन येतो, कुणी नुसताच रुबाब घेऊन येतो. आमचे त्रिंबकमास्तर ओळंबा घेऊन येत. तोच, गवंड्याचा, दोरीला लोखंडी वजन लावलेला. एकेका चित्रासमोर थांबायचं, एक डोळा मिटायचा, दोरी सोडायची आणि चित्रातला माणूस सरळ उभा आहे की नाही ते पाहायचं. खुद्द महाराजांच्या तसबिरीलाही त्यांनी ओळंबा लावला होता. "अर्धं बोट कलले आहेत," असं ते म्हणाले आणि शेजारी उभे असलेले कारभारी एकदम छताकडे पाहू लागले.

जव्हारच्या दरबारी शाळेत मास्तर ड्रॉइंग शिकवत, मी भूगोल. दसऱ्याला शाळेच्या मोठ्या वर्गात संस्थानातल्या हौशी चित्रकारांची चित्रं मांडली जात. दवाखान्यातल्या कंपाउंडरांचे गुलाब असत, जंगलखात्यातल्या एका कारकुनाचे वाघ असत, आणि ते सगळे त्याच्या सासऱ्यांसारखे दिसत. माझी कमळं असत. मास्तरांचं मत सगळ्यांबद्दल एकच. "माणूस आधी उभा राहिला पाहिजे. बाकी सगळं मागाहून." कमळांत माणूस नव्हता, म्हणून मी वाचलो.

त्यांचं खरं वैर सूर्यमाळच्या बुधीबाईशी. गावोगावहून काहीतरी यावं असा एकदा दरबारचा हुकूम निघाला, तेव्हापासून ती येऊ लागली. तिकडे लग्नघराच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं चित्रं काढतात. काढतात म्हणायचं नाही, 'लिहितात' म्हणायचं. आता भिंत काही जव्हारला आणता येत नाही. म्हणून तिचा नवरा लखमा कारवीच्या काठ्यांचा भिंतीसारखा एक कूड बांधी, शेणामातीनं सारवी, आणि बुधीबाईनं त्यावर लिहून झालं की डोक्यावर घेऊन डोंगरवाटेनं आणी.

कुडावर बारीक कमरेची पांढरी माणसं हात धरून गोल नाचत असत. खाली जमीन नाही, वर आभाळ नाही. ओळंबा लावायचा तरी कुठे? मास्तर कासावीस होत.

"अगं बाई, यांचे पाय कशावर आहेत?"

"नाचावर."

"आणि हा टोकाचा? पडेल ना तो."

"सकाळधरनं हाय तिथं. पडला का?"

त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी धुकं थेट वर्गात शिरे. चित्रं विरघळल्यासारखी दिसत, बघ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत नाहीसे होत आणि माणसं आवाज न करता इकडून तिकडे सरकत. मला तर आपण जागे आहोत की नाही तेच कळत नसे. बुधीबाई भिंतीला टेकून बसलेली असे. "बघ मास्तर," ती म्हणे, "तुझी माणसं पण माझ्या माणसांवानीच निघाली. पायाखाली भुई नाय." मास्तर ओळंबा खिशात कोंबून तरातरा बाहेर जात, आणि लगेच परत येत. एरवी वर्षभर कुणाशी धड न बोलणारा हा एकटा माणूस दसरा जवळ आला की मला रोज विचारी, "सूर्यमाळची वाट सुकली असेल का हो?"

एका पावसाळ्यात लखमा गेला. खोडाळ्याच्या बाजाराहून निरोप आला की बुधीबाई आता लिहिणार नाही. नवरा गेलेल्या बाईनं त्या पिठाला हात लावायचा नाही, अशी त्यांच्यातली रीत. कंपाउंडर म्हणाले, "चला, जागा मोकळी झाली. गुलाब वाढवतो." मास्तर त्यांच्यावर असे ओरडले की ते होते तेही गुलाब घेऊन घरी निघाले.

दसऱ्याच्या सकाळी पाहतो तर त्या जागी कूड उभा. नीट सारवलेला, पिठानं लिहिलेला. नाचही होता; पण नाचणारे सगळे पलटणीसारखे एका ओळीत, आणि खाली जाड रेघ मारून जमीन. मास्तरांची बोटं पांढरी झालेली होती.

दुपारी बुधीबाई दसऱ्याच्या बाजाराला म्हणून आली ती वर्गात डोकावली. कुडासमोर बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. तिला ही आपल्या दुःखाची थट्टा वाटली, तर ती पुन्हा या वर्गाची पायरी चढणार नव्हती.

"ह्यो कोण?" तिनं विचारलं.

"नाचणारा," मास्तर म्हणाले.

"नाचतो का कचेरीत उभा हाय?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मला येत नाही, बुधीबाई. पण या जागी कूड नसता तर तू आत आली नसतीस. मग मी कुणाशी बोललो असतो?"

 ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पिठाला हात नाय लावायचा मी. तोंडाला कुठं बंदी हाय? घे लिहायची काडी. ती रेघ पूस आधी."

मास्तरांनी जमीन पुसली. मग ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले, प्रत्येक माणसापाशी अडून, वाद घालून, हरून. लखमाला कुठे नाचवायचं यावरून तर दोघांचं चांगलंच जुंपलं. वर्गात आता बघे उरले नव्हते.

संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन आला. मास्तर मान वर न करता म्हणाले, "थांब जरा. कुडाच्या कोपऱ्यातलं झाड राहिलंय."

झाड केव्हाच पुरं झालं होतं. बुधीबाईलाही ते दिसत होतं.

"हां, राहिलंय," ती म्हणाली, आणि लुगडं सावरून पुन्हा नीट बसली.