लखू गिरणीवाल्याच्या टाळ्या

लखू गिरणीवाला पुस्तकातलं भाषण वाचायचा तेव्हा टाळ्यासुद्धा वाचायचा.

छापलेल्या भाषणात मधे मधे कंस असतात. पुढारी काही बोलला की कंसात लिहिलेलं असतं, टाळ्या. थोडं पुढं गेलं की कंसात, हशा. शहाणा माणूस ते सोडून पुढं जातो. लखू तिथंच थांबायचा. "कंसात, टाळ्या," असं मोठ्यानं म्हणायचा, पुस्तक मांडीवर पालथं घालायचा आणि टाळ्या वाजवायचा. हाताला पीठ लागलेलं असायचं, त्यामुळं प्रत्येक टाळीला धुरळा उठायचा. हशा आला तर तीनदा 'हा हा हा' करायचा, ना एक कमी ना एक जास्त, आणि लगेच तोंड पहिल्यासारखं आंबट.

आणि हे कुठं, तर बोरीत, पिठाच्या गिरणीत. लाईट गेली की गिरणी बंद पडायची आणि लखूचं तोंड चालू व्हायचं. त्या काळात आमच्याकडं लाईट कधी गेली असं कुणी विचारत नव्हतं, कधी आली असं विचारायचे. बायका डबे घेऊन ओळीनं बसलेल्या. उठून जातील कुठं? दळण अर्धं जात्यात, अर्धं डब्यात.

"टाळ्या लिवल्यात, वाजवा," तो बायकांना सांगायचा.

"आमी बाजरी दळाया आलोय लखूभाऊ, सभेला न्हाई," आमच्या आळीतली गंगू म्हणायची.

"प्रचंड टाळ्या लिवल्यात गंगूताई. तुमी हात बांधून बसल्यावर प्रचंड कशा व्हतील?"

"माझं दळण आधी घेणार आसशील तर वाजवते."

"घेतो."

मग गंगू अशा टाळ्या वाजवायची की त्या पुढाऱ्याला त्याच्या उभ्या आयुष्यात कुणी इतक्या मनापासून दिल्या नसतील.

पुढारी कोण, ते मी लिहीत नाही. मोठा होता, बरीच वर्षं खुर्चीवर होता, मग वारला. लखूही त्याचं नाव घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं हा 'ते' म्हणायचा. "ते साताऱ्यात काय म्हणाले, ऐका." "त्यांना असलं चालत नव्हतं." ऐकणाऱ्याला वाटावं, ते आत जेवायला बसलेत. तर त्या पुढाऱ्याच्या भाषणांचे पाच खंड निघाले होते. एकेक खंड भाताच्या पेंढीएवढा. लखूनं मंचरला पुस्तकांच्या प्रदर्शनातून त्यातले चार निम्म्या किमतीत आणले होते. पाचवा संपला होता.

मी चौथीतून शाळा सोडली. पुढं शाळेला माझी आठवण आली नाही आणि मला शाळेची. पण लखूच्या तोंडून चारी खंड माझ्या कानावरून गेलेत, तर त्यांचं सार मी फुकट सांगतो. पहिल्या खंडात पाणी येणार आहे. दुसऱ्यात पाण्याला थोडा वेळ लागेल. तिसऱ्यात तुम्ही धीर धरला म्हणून तुमचं कौतुक आहे. चौथ्यात पाणी कुणामुळं आलं ते सांगितलंय. एवढ्यासाठी एवढा कागद! त्याच्यात सगळ्या तालुक्यातल्या पोरांच्या वह्या झाल्या असत्या.

लखूच्या बोलण्यालाही कंसाची खोड लागली होती. आलेल्याला म्हणायचा, "या बसा. कंसात, चपला भाईर." कुणी उधारीवर दळण मागितलं तर, "देतो की. कंसात, नाराजी." स्वतःच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टका संपल्या तेव्हा हा व्याह्याच्या कानात "कंसात, टाळ्या" म्हणाला. व्याही आळ्याचा, साधा माणूस. तो घाबरून वाजवायला लागला आणि मांडवभर लोक वाजवायला लागले. भटजींना वाटलं, आपलं काही चुकलं.

कुठल्या गावात किती टाळ्या पडल्या, हेही त्याला तोंडपाठ. "सांगलीकडची माणसं दिलदार. एका भाषणात अकरा डाव. आपल्या जुन्नरात तीन. लई कद्रू आपण."

"आपण कांदा पिकवतो," मी म्हणालो. "हात रिकामे नसतात."

एकदा लाईट गेलेली, मी ज्वारी घेऊन बसलो होतो. बघतो तर हा वाचतच नाहीये. बोट नुसतं पानावरून खाली सरकतंय, कंस आला की थांबतंय, हा तेवढाच कंस वाचतोय, पुन्हा सरकतंय. चाळीस-पन्नास पानं अशी गेली. वाचायचं सोंग करून हा माणूस अख्ख्या गावाला टाळ्या वाजवायला लावतो, ह्याचा मला संताप आला.

"लखू, लेका, भाषण वाचतोस का कंस मोजतोस?"

त्यानं चष्मा काढला. काचांवर पीठ होतं. "कंसच बघतो तात्या. माझी ठकू बघतो."

ठकूबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील.

"आळ्याला सभा झाली व्हती," तो म्हणाला, "शाळंमागच्या मैदानात. धरणाचं काम निघालं व्हतं तवा. त्यांचं भाषण चालू व्हतं आन् ठकू उठली. बायांमधून एकटीच. इच्यारलं तिनं त्यांना. पुस्तकात आसं आसतं, कंसात, एक बाई मधेच उठून, आन् मग तिनं काय इच्यारलं ते. मी बगितलंय, दुसऱ्या गावांचं आलंय. मंग ठकूचं का न्हाई येणार? तुमी तर व्हता की सभेला!"

होतो. तिथं बसलेल्या बायकांनी माना माझ्याकडं वळवल्या. माझं दळण दोन तासांपासून अडकलं होतं, डोकं तापलं होतं, त्यात हा मला साक्षीला उभा करतोय.

"व्हतो," मी म्हणालो. "कुणी बाई उठली न्हाई."

लखूनं पुस्तक मिटलं. मग त्यानं "कंसात, शांतता" असंही म्हटलं नाही. लाईट आली, पट्टा फिरायला लागला, त्यानं माझी ज्वारी ओतली.

माझा स्वभाव गावाला माहीत आहे. एकदा बोललो ते बोललो, जीभ मी फिरवत नाही. गावातही मग दोन बाजू पडल्या. रिकामटेकड्यांना तेवढंच हवं होतं. गिरणीवरून जाताना कुणीही विचारायचं, "काय लखूभाऊ, वहिनी आल्या का खंडात?" लखू म्हणायचा, "पाचव्यात हायेत." चार खंडांत आळ्याची सभा नव्हती हे खरं. तर पाचव्यात असणार, हा त्याचा हिशेब. हात आडवा करून म्हणायचा, "पाचवा येऊ द्या, मग तात्यांचं थोबाड बघू." मी म्हणायचो, "येऊ दे."

अशी सात-आठ वर्षं गेली. माझं थोबाड होतं तसंच राहिलं. लखूच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला भ्यायचा. गिरणी जावई चालवायला लागला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर टाळ्या बंद केल्या. बायका 'सुटलो' म्हणाल्या, आणि महिनाभरानं गंगूच मला म्हणाली की गिरणीत आता करमत नाही.

मग कुणीतरी बातमी आणली. तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत शाळा आहे, तिथं पाचही खंड फुकटात आलेत. लखू काठी टेकत माझ्या दारात हजर.

"तात्या, चला."

"मी कशाला? जावयाला ने."

"जावई माझा माणूस. त्यानं वाचलं तर गाव म्हणल, सासऱ्यासाठी खोटं वाचलं. मला दिसत न्हाई. तुमी माझ्या इरोधातले. तुमी वाचलं तर कुणी नाय म्हणायचं न्हाई."

याला अक्कल नाही असं मी जन्मभर म्हणत आलो. त्या दिवशी मला त्याच्या बोलण्यात खोट काढता आली नाही. आणि खरं सांगायचं तर तो हरताना मला समोर हवा होता. म्हणून गेलो.

घोडेगावात गाडी बदलली. पुढं रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. लखूनं खिडकीकडं तोंड केलं होतं, पण डोळ्यांपुढं सगळं धुकट.

"पाणी आलं का?" त्यानं विचारलं.

"आलं."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ठकूबाईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. पाणी संपेपर्यंत त्यानं टोपी घातली नाही, आणि ते संपलं हे त्याला मीच सांगितलं.

तळेघरला उतरलो आणि दीड तास चढलो. दोन म्हातारे, दोन डोळे, एक काठी. दोन्ही अंगांना भाताची खाचरं, वर नाचणी. दर दहा पावलांना मी त्याला शिव्या घातल्या आणि त्यानं दर शिवीला "कंसात, हशा" म्हटलं. शाळेतले गुरुजी भला माणूस. पाणी दिलं, कपाट उघडलं. पाचवा खंड कुणी उघडलेला नव्हता, पानं एकमेकांना चिकटलेली.

लखू म्हणाला, "वाचायच्या आदी एक सांगतो. मंग पुन्हा सांगायचा न्हाई." गुरुजी समोर होते, पण त्याला फरक पडत नव्हता. "ठकू उठली तवा मी तिचा पदर धरून तिला खाली वढलं. मान खाली घालून वढत व्हतो, लाजंनं. घरी आल्यावं ती म्हणली, त्यांनी ऐकलं माझं. मी म्हणलं, कुणी कुत्र्यानं ऐकलं न्हाई. तिचं माहेर उठलं, भाऊ देशोधडीला गेला. मरोस्तोर ती म्हणायची, पर त्यांनी ऐकलं व्हतं. आन् मी दर टायमाला म्हणायचो, न्हाई ऐकलं. तीस वर्सं हीच भांडणं, तात्या."

मी पानं उलटली. अनुक्रमणिकेत आळे सापडायला वेळ लागला. मग बोट लावून अक्षर अक्षर वाचत गेलो. भाषण तेच, पाणी येणार. "धरणाचं पाणी मी तुमच्या बांधावर आणून देईन." कंसात, टाळ्या. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत दुसरा कंस. मी तो मनात दोनदा वाचला.

"वाचा की," लखू म्हणाला.

"कंसात," मी वाचलं, "सभेत थोडा गोंधळ."

"फुडं?"

"फुडं भाषण चालू."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे विशेष काही नाही, बाबा."

लखूनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. तोंड माझ्या दिशेला वळवलं. "तात्या. त्या सभेत दुसरा काय गोंधळ झाला व्हता का?"

बैल उधळला होता, असं म्हणता आलं असतं. मांडवाचा दोर तुटला होता, असंही. तो हरायला तिथवर आलाच होता, मला फक्त एक शब्द बोलायचा होता. माझ्या वावरात त्याच धरणाचं पाणी येतं, तीस वर्षं मी त्यावर कांदा काढतोय, आणि त्या दिवशी 'ए बाई, बस खाली' म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो. आमच्या पाण्यात ही कुठून खोडा घालतेय, असं वाटलं होतं. ते पुस्तकवाल्या शहाण्यांनी बरोबर लिहिलं. गोंधळ आमचाच होता. बाईनं एकच वाक्य विचारलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तेवढाच झाला. ठकूबाई उठल्या व्हत्या."

लखूनं काठी बाजूला ठेवली.

"मी पुढं व्हतो, ष्टेजपाशी. त्या म्हणाल्या, 'आन् माझ्या भावाच्या बांधाचं काय?' खणखणीत. तू खाली मान घालून पदर वढत व्हतास, तुला दिसलं न्हाई. ते थांबले. पाण्याचा गलास उचलला, तोंडापतूर नेला आन् न पिता तसाच खाली ठेवला. मंग बोलायला लागले."

"म्हंजे ऐकलं."

"ऐकलं."

"उत्तर न्हाई दिलं."

"उत्तर न्हाई दिलं. पण ऐकलं."

त्यानं हात पुढं करून पान चाचपलं. कंस कुठं आहे ते विचारलं. मी त्याचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. बराच वेळ त्यानं ते तिथंच ठेवलं. मग पुस्तक मिटून गुरुजींकडं दिलं आणि म्हणाला, "म्हंजे तिला तीस वर्सं खोटं पाडणारा मीच."

त्यावर मला म्हणायचं होतं, तू एकटा नव्हतास. त्याऐवजी मी त्याची काठी त्याच्या हातात दिली. उतरताना दीड तास होता, गाडीत तीन तास होते, तरी म्हटलं नाही. लखू अजून आहे, ऑपरेशन झालं, आता त्याला वाचता येतं. म्हणून इथं लिहिलं.