उघडणारं झाकण आणि ठणठणीत अर्जदार

दीर्घ आजार असूनही उद्योग करू पाहणाऱ्या नागरिकांना सवलतीचा गाळा देणाऱ्या कार्यालयाच्या व्हरांड्यात एक बाक होता. त्यावर पाटी होती : 'फक्त आजारी अर्जदारांसाठी'. झाकणवाल्या ताई दरवर्षी या बाकासमोर उभ्याच असत. बसायला गेल्या की कोणी ना कोणी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं आणि म्हणायचं, "दिसत तर नाही तुम्ही आजारी!" ताई निमूट उठायच्या. चांगलं दिसण्याची एवढी शिक्षा दुसऱ्या कुणी भोगली नसेल.

ताईंना आमवात होता. डॉक्टरांनी समजावलं होतं, "तुमच्या अंगातले पहारेकरी तुम्हालाच चोर समजून बडवतायत." सकाळी बोटं लाकडासारखी ताठ व्हायची, गोळ्या घेऊन, गरम पाण्यात हात बुडवून दुपारपर्यंत जरा सैल पडायची. एकदा नवरा परगावी गेलेला असताना सकाळी चहाची बरणी काही केल्या उघडेना. ताई ओट्याला टेकून ढसाढसा रडल्या, मग नाक पुसून, कोपराने दाबलं की उघडणारं झाकण बनवायला बसल्या. धंदा असा सुरू झाला. आता त्या आणि त्यांची नणंद मिळून सवलतीच्या गाळ्यात झाकणं बनवत. गाळा गेला की धंदाही गेला, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

गाळ्याची मुदत वाढवायला अटी अगदी साध्या होत्या. अर्जदार खरोखर आजारी असावा आणि उद्योग चालवण्यास पूर्ण सक्षम असावा.

आजाराची तपासणी दुपारी होई, कारण सकाळी साहेब येत नसत. त्यांनी ताईंसमोर एक बरणी सरकवली. "उघडून दाखवा."

ताईंनी झाकण लगेच ओळखलं. ते त्यांच्याच गाळ्यातलं होतं. सगळ्यांत स्वस्त म्हणून कार्यालयानेच ते घेतलं होतं. त्यांनी भीतभीत कोपर टेकवलं. टक्!

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "तुम्ही ठणठणीत आहात."

"साहेब, हे झाकण मीच बनवलंय. माझ्यासारखीला उघडता यावं म्हणूनच बनवलंय."

"म्हणजे तुम्ही पेपर फोडलात?"

"तसं नाही हो! एकदा सकाळी या, माझी बोटं बघा."

साहेबांनी मोठ्या मनाने एक सकाळ खर्ची घातली. गाळ्यापाशी नणंद नेहमीसारखी शटर उचलायला पुढे झाली, तर त्यांनी तिला बाजूला केलं. उद्योग अर्जदाराचा, तेव्हा शटरही अर्जदाराने उघडायचं. ताई वाकल्या. बोटं वळेनात. कळ पार खांद्यापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंत ना साहेब?"

"बघितलं तर! जिला स्वतःचं शटर उघडत नाही, ती उद्योग काय डोंबल चालवणार?" आणि त्यांनी शेरा लिहिला : 'दुपारी आजार आढळला नाही. सकाळी उद्योग आढळला नाही.'

नणंद भडकली. "वहिनी, बाजारातली साधी बरणी नेऊ. तुमच्या झाकणाची नको. मग बघू काय म्हणतात ते!"

फेरतपासणीला साहेब, एक डॉक्टर आणि शिपाई अशी समिती बसली आणि ती बरणी टेबलावर आली. ताईंनी बोटं सुजेपर्यंत जोर लावला. झाकण हललं नाही.

"आजार सिद्ध," साहेबांनी जाहीर केलं. ताईंच्या जिवात जीव आला.

पण साहेबांना राहवेना. "आणा इकडे," म्हणत त्यांनी दात-ओठ खाऊन झाकण पिळलं. ढिम्म! समितीतल्या डॉक्टरांनी रुमाल गुंडाळून पाहिलं. शिपायाने दाराच्या फटीत धरून पाहिलं. नियमाप्रमाणे ज्याच्याने बरणी उघडणार नाही तो आजारी. म्हणजे अख्खी समितीच आजारी. आता बोला! डॉक्टरांनी तिथल्या तिथे स्वतःच्या पगारी रजेवर सही केली.

साहेब मात्र खमके. "ही बरणी आणली कोणी?"

"मी," ताई म्हणाल्या.

"झाकणांचा धंदा कोणाचा?"

"माझाच, पण हे झाकण..."

"न उघडणारं झाकण घेऊन फिरणारा उद्योजक सक्षम कसा?"

आता ताईंचा तोल सुटला. "अहो, माझं झाकण उघडलं तर मी धडधाकट, आणि दुसऱ्याचं उघडलं नाही तर माझा माल निकामी? मी करायचं तरी काय?"

"बाई," साहेब अगदी कळवळून म्हणाले, "आजारी पडायचं की धंदा करायचा, हे तुम्ही आधी ठरवायला हवं होतं."

गाळा गेला. आजारी समितीला विश्रांती घेण्यासाठी तो देण्यात आला.

ताई व्हरांड्यात आल्या. नणंद गाडी बघायला बाहेर धावली. बाक चक्क रिकामा होता. त्या हळूच टेकल्या. तेवढ्यात कोणीतरी समोर येऊन उभं राहिलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणालं, "जरा उठता? दिसत तर नाही तुम्ही आजारी."

ताईंनी भांडायला तोंड उघडलं. पण भांडायलाही अंगात बळ लागतं. त्या उठल्या.

समोरची व्यक्ती बाकावर ऐसपैस बसली आणि वेळ घालवायला तिने वाचायला काहीतरी काढलं. एक गोष्ट होती. कुणा झाकणवाल्या बाईंची.

बसा, बसा. आता कशाला उठताय? गोष्ट संपलीच.