चाफ्याची पापणी

वामनराव कोणाशीही बोलायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. दवाखान्यातली कंपाउंडरकी सुटली, पण ही सवय काही सुटली नाही. सिंदी मेघेत आमची घरं लागून. नवरामुलगा म्हणून मला बघायला आलेल्या होणाऱ्या सासऱ्यांचीही पापणी ओढून त्यांनी "रक्त कमी हाय तुमचं" असं सांगून टाकलं. तरी लग्न झालं, हे माझं नशीब.

माणसं टाळू लागली तसे ते झाडांकडे वळले. आणीबाणी उठली त्यानंतरच्या दिवाळीत त्यांच्या अंगणातल्या सोनचाफ्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. वामनरावांनी पान उलटून पाहिलं, फांदीवर दोन बोटं ठेवून डोळे मिटले.

"क्यालशियम कमी हाय, भाऊ. हाडं कच्ची हायेत याची."

घर पांढरं करून उरलेला चुना होताच. त्याची निवळी रोज झाडाच्या बुडाशी पडू लागली. पानं आणखी पिवळी झाली की डोस वाढे.

हा चाफा त्यांच्या लेकीनं, कुंदानं, लग्नाआधी लावलेला. ती भिलाईला सासरी होती. लग्नानंतर तिचं येणंच झालं नव्हतं. आता पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

"झाड मेलं त पोरीले काय दाखवू?" ते म्हणाले आणि निवळीचं भांडं पुन्हा बुडाशी ओतलं.

शेवटी त्यांची बायको, आमच्या वहिनीच कडाडल्या, "अवो, भाऊच्या चाफ्याले कोणी औषध देते का? पाहा कसा हिरवागार हाय! तुमचा चुनाच बाधून राह्यला याले!"

वामनराव कुंपणाशी उभं राहून माझा चाफा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बुडाची पांढरी माती खरवडून काढली आणि नवी माती, शेणखत घातलं. पुढे नुसतं पाणी. उन्हाळा सरता सरता शेंड्याला गर्द हिरवं पान आलं. मला हाताला धरून ओढत नेलं त्यांनी.

"पापणी लाल झाली, भाऊ!"

कुंदा आली ती घरात जायच्या आधी झाडापाशी थांबली. खालची काही पानं अजून पिवळी होती.

"बाबा, काय झालतं याले?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. वामनरावांनी सवयीनं लेकीची पापणी ओढली, मग हात तसाच तिच्या गालावर ठेवला.

"काई नाई, बाई. तुही आठवण येत होती त्याले."

चुन्याचं नाव आम्ही कोणीच काढलं नाही. वामनरावांचं एवढं एक निदान अगदी बरोबर होतं.